पाच पाट्या माती

धाकू भोईरने माझा उजवा गुडघा मोडला तेव्हा आमची धड ओळखही नव्हती. मी कल्याणच्या बाजारात गूळ-तेल विकणाऱ्याचा मुलगा. हुतूतूत माझ्यासारखी चढाई करणारा गडी ठाण्यापासून कल्याणपर्यंत सापडायचा नाही, असं मला वाटे. वाटायला काय, पैसे थोडेच पडतात. त्या दिवशी मी दम धरून मिठागरपाड्याच्या अंगणात शिरलो आणि कोणीतरी माझा घोटा पकडला. जमिनीनेच पाय धरला की काय, असं वाटलं. मी सगळा जोर लावून पाय ओढला, गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं आणि मी आडवा झालो.

मला पाठीवर घेऊन मैदानाबाहेर नेणाराही तोच, आणि वर मलाच झापत होता. "मी धरल्यावर गप पडाचा ना! ओढाओढ कशाला केलीस? आता बस घरी." दुसऱ्या दिवशी हा माणूस खांद्यावर जाड्या मिठाचं पोतं घेऊन आमच्या दुकानात हजर. मीठ तव्यावर गरम करायचं, फडक्यात बांधायचं आणि गुडघा शेकायचा, हे त्याने माझ्या आईला समोर बसवून समजावलं. गुडघा काही सरळ झाला नाही. आजही जिना चढताना मी धाकूच्या नावाने दोन शिव्या घालतो. मीठ मात्र वर्षभर पुरलं, आणि आमची दोस्ती मिठापेक्षा जास्त टिकली.

मिठागरपाडा म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठची थोडीशी घरं. पावसाळा संपून दिवाळी झाली की सगळा पाडा मिठागरात उतरायचा. मीठ पिकवायचं तर आधी वाफ्याची जमीन बसवावी लागते. बाया-पुरुष एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांगेने चिखल तुडवत जातात आणि तसेच उलट्या पावलांनी परत येतात. दिवसभर हेच. मग ती जमीन अशी बसते की वर पाणी सुकून मीठ धरलं तरी खालचा मातीचा कण त्यात येत नाही. धाकूचं सगळं आयुष्य या तुडवण्यात गेलेलं. अंगाने बुटका, छातीने रुंद, आणि पायाचे तळवे असे की चुलीतला निखारा उचलून बाजूला ठेवायचा झाला तर पायानेच सरकवायचा. बोलणं मोजकं, पण एकदा बोलला की त्यातून मागे हटणं नाही. त्याला वाटायचं जगात सगळ्यांचं असंच असतं. इथेच सगळी गोची झाली.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही पाच संघांनी मिळून फेरी सुरू केली. मिठागरपाडा, आमचा कल्याणचा संघ, विठ्ठलवाडी, डोंबिवली, आणि नौपाड्याचा वीरध्वज संघ. दिवाळीनंतर दर रविवारी एकेका गावी सामने, संक्रांतीला शेवट. मी गुडघ्यामुळे खेळण्यातून बाद झालो होतो, म्हणून पंच झालो. लोक म्हणत, पोपटशेठला पळता येत नाही म्हणून तो ओरडतो. म्हणोत.

नौपाड्याचा संघ तेव्हा म्हणजे निव्वळ नाव होतं. शाळा-कचेऱ्यांत जाणारी पोरं, हौस दांडगी, पण खेळायला जागा नाही. घरांच्या मागे दगडधोंड्यांचा एक पडीक तुकडा, त्यावर पडलं की कोपर सोलून निघायचं. त्यांचा चिटणीस परशुराम गुप्ते, एका कचेरीत कारकून, गोरा, चष्मेवाला, बोलायला गोड. तो म्हणाला, "आमच्याकडे सामने कसे घेणार? मैदानच नाही." धाकू म्हणाला, "नाय तर करू."

आणि केलं. पाचही गावांहून एकेक पाटी माती बैलगाडीतून नौपाड्यात आली. आमची कल्याणची तांबूस, पाड्याची काळी खारी, बाकीच्यांची मधल्या रंगांची. पाड्याची माणसं आली आणि मिठागर बसवतात तसं त्यांनी ते मैदान तुडवून बसवलं. काम संपल्यावर धाकू कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आता यात आपली सगल्यांची माती हाय. ज्याची माती त्याचा डाव. इथून कोन कोनाला हाकलाचा नाय." तेव्हापासून तो नियमच झाला. दरवर्षी दिवाळीनंतर प्रत्येक मैदानात पाच पाट्या माती पडे, पाचही कप्तान ती तुडवत, आणि मगच सामने सुरू होत. कुठे लिहिलं नव्हतं, कुणी सह्या केल्या नव्हत्या.

दुसरा नियम गल्ल्याचा. तिकीट दोन आणे. त्या वेळची दोन आण्यांची चौकोनी नाणी आठवतात ना, त्यांचा ढीग पडायचा. पाचही मैदानांचा पैसा संक्रांतीच्या दिवशी एका परातीत ओतायचा आणि सगळ्यांना सारखा वाटायचा, मग गर्दी कुणाच्याही गावी जमलेली असो. पहिल्या वर्षी परात समोर आल्यावर मी नाणी मोजायला बसलो, तर धाकूने माझा हात धरला. "मोजतंस काय? घरात भात वाढताना कोन शितां मोजतं का? तुज्या दुकानातला माप आन." मी दुकानातलं धान्य मापायचं पितळी कोळवं आणलं. मग धाकूने परातीतून एक कोळवं नौपाड्याला, एक पाड्याला, एक विठ्ठलवाडीला, असं फिरत फिरत परात रिकामी केली. तळाला उरलं त्याची भजी. त्या कोळव्याचा काठ आजही नाण्यांनी खरवडलेला आहे. गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा मी उंदरांचं नाव सांगतो.

पहिली तीन-चार वर्षं गर्दी सगळी पाड्याला आणि आमच्याकडे. लोक धाकूची घोट्याची पकड बघायला यायचे. नौपाड्याला कुत्रं फिरकत नव्हतं, तरी कोळवं त्यांनाही भरूनच मिळे. पाड्यात कुणी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

पाड्याला या फेरीतून काय मिळत होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पैसा मिळे, तो पोरांच्या खाण्यापिण्यात आणि येण्याजाण्यात जाई. खरी गोष्ट वेगळी होती. मिठागरात राबणाऱ्या माणसाला ठाण्याच्या पेठेत कोणी 'काय रे' याच्यापलीकडे हाक मारत नसे. फेरीमुळे हीच माणसं नौपाड्यात पाहुणे म्हणून जाऊ लागली. सामना झाला की यजमानांच्या घरी दोन्ही संघांचं जेवण, हा रिवाज होता. पहिल्या वर्षी परशुरामच्या आईने, कमळाबाईंनी, आपल्या पोरांची पानं माजघरात मांडली आणि पाड्याची ओसरीवर. धाकू ओसरीवर बसला. तेवढ्यात परशुराम आतून आपलं ताट घेऊन आला आणि धाकूच्या शेजारी मांडी घालून बसला. मग एकेक करून सगळी पोरं बाहेर आली. पुढच्या वर्षी कमळाबाईंनी सगळ्यांची पानं माजघरातच घातली, आणि धाकूला आग्रह करकरून कोलंबीची खिचडी वाढली. मी शाकाहारी, मला नुसतं वरण-भात. पण त्या दिवशी ओसरीवर मी परशुरामला मनातल्या मनात हात जोडले होते. ते आता मी परत घेतले आहेत.

धाकूने मात्र काहीच परत घेतलं नाही. तो देतच राहिला. एका वर्षी नौपाड्याचा एक गडी आजारी पडला, तेव्हा फेरीच्या रिवाजाप्रमाणे पाड्याने आपला गडी उसना दिला. तो म्हणजे गणू, धाकूच्या बहिणीचा मुलगा. चढाईला असा की समोरच्यांना त्याची सावली तेवढी दिसायची. हंगाम संपला, गणू परत आला नाही. नौपाड्यातल्या एका बड्या माणसाने त्याला नोकरी दिली, राहायला खोली दिली. शेजारणीने वाटीभर साखर न्यावी आणि वाटीसकट विसरावी, तसं झालं. मी धाकूला म्हटलं, "अरे, माग तो गडी परत." धाकू हसला. "जिथं हाय तिथं फेरीतच हाय ना? पोराला नोकरी लागली, त्याच्या आवशीला बरा वाटला."

गणूमुळे नौपाड्याचे दिवस पालटले. गर्दी तिकडे वळली. खुर्च्या आल्या, कनाती आल्या, कर्णा आला. आणि मग परात समोर आली की परशुरामचा चष्मा माझ्या कोळव्याकडे वळू लागला. एका संक्रांतीला तो हसत हसत बोलून गेला, "पोपटशेठ, आमच्या मैदानावर एवढी गर्दी, आणि माप मात्र सारखं? गमतीने म्हणतोय हं." ज्याला खरोखर गंमत करायची असते तो 'गमतीने म्हणतोय' असं सांगत बसत नाही. मी ते धाकूच्या कानावर घातलं. मुंबईच्या बड्या संघांनी सामन्यांची नवी साखळी काढायचं घाटलं आहे, ज्याच्याकडे गर्दी जास्त त्याला वाटा जास्त असा तिथला हिशेब आहे, आणि परशुराम त्यांच्या बैठकांना जातो, हेही सांगितलं. धाकूने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काही वाईट केलं आहे. "परशुरामभाव आपला मानूस हाय. सात वर्सं माज्या पंगतीला जेवला. तू दुकानदार, तुजा डोका तसाच चालाचा."

पंचावन्न साली दिवाळीनंतर परशुराम स्वतः पाड्यात आला. नौपाड्यात आणखी मोठी जागा मिळाली होती, तिथे नवं मैदान करायचं होतं. तुळसाने, म्हणजे धाकूच्या बायकोने, त्याला सुकटाची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली. खाता खाता तो म्हणाला, "धाकूदादा, तुमच्याशिवाय हे मैदान कोण बसवणार? पाडा घेऊन या."

धाकूने एकच विचारलं. "पाची पाट्या आनू?"

"आणा की," परशुराम म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. पुढे धाकूला लोकांनी मूर्ख म्हटलं, की त्याने सामने कोणते, केव्हा, कोणाबरोबर, हे विचारायला हवं होतं. शहाणे लोक विचारतात. धाकूच्या जगात ज्याने माती मागितली त्याने डाव दिला होता. त्याच्यापुढे विचारणं म्हणजे समोरच्याला खोटा ठरवणं. आणि परशुरामला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो 'आणा की' म्हणाला. त्या दोन शब्दांइतका राग मला माझ्या गुडघ्याचाही आला नाही.

धाकू स्वतः बैलगाडी घेऊन पाचही गावं फिरला. मिठागराचं काम ऐन भरात होतं, तरी सगळा पाडा एक दिवस बुडवून नौपाड्यात आला. मीही कल्याणच्या पाटीबरोबर गेलो. दिवसभर तुडवणं चाललं. तुळसा पुढे गाणं म्हणत होती, मागून रांग साथ देत होती. दुपारी चहा आला, तो मैदानावरच. जेवायला घरात कोणी बोलावलं नाही. मी धाकूला कोपराने ढोसलं. तो म्हणाला, "एवढी मानसा, कमलाबाईनी किती जनांचा शिजवावा?" संध्याकाळी मैदान असं गुळगुळीत झालं की परशुरामने चप्पल बाहेर काढून त्यावर पाऊल ठेवलं.

सामन्यांच्या पहिल्या दिवशी मिठागरपाड्याचा संघ वाजत-गाजत आला. नव्या चड्ड्या, कपाळाला गुलाल, पुढे धाकू. कनातीच्या दारात बिल्ला लावलेल्या एका स्वयंसेवकाने त्यांना तिकिटं विचारली. धाकूला वाटलं पोरगा नवीन आहे, तो खो खो हसला. तेवढ्यात परशुराम धावत आला, धाकूचा हात धरून त्याला थेट मंचावर घेऊन गेला, आणि बाकीच्या संघाला बाजूच्या सतरंजीवर बसवलं. मी मागे उभा. मंचावर मुंबईचे पाहुणे, हार, फुलं. कर्ण्यावरून आवाज आला, "आपल्या भागातल्या हुतूतूचे आद्य आधारस्तंभ श्रीयुत धाकू भोईर यांनी आपल्या हातांनी हे मैदान घडवून आपल्या नव्या साखळीला आशीर्वाद दिला आहे." मग शाल आली, नारळ आला. टाळ्या. धाकू खेळायच्या चड्डीवर होता, उघड्या खांद्यांवर त्यांनी ती शाल घातली.

नवी साखळी हे शब्द त्याच्या कानावर गेले की नाही कोण जाणे. तो कर्ण्याजवळ वाकला आणि म्हणाला, "आमचा डाव कवा हाय?"

लोकांना वाटलं म्हातारा विनोद करतोय. मंडप हसला, पुन्हा टाळ्या पडल्या. धाकू म्हातारा नव्हता, चाळिशीचा होता.

परशुराम त्याच्या कानात म्हणाला, "होईल, होईल. बसा." तो बसला. सामना झाला, मग दुसरा, मग तिसरा. नौपाड्याकडून गणू उतरला. मंचासमोरून जाताना त्याने मामाकडे पाहिलं नाही, आणि मैदानाला हात लावून कपाळी लावला तोही मंचाकडे पाठ करून. सतरंजीवरची पाड्याची पोरं आधी ओरडत होती, मग गप्प झाली, मग एकेक उठून निघून गेली. धाकू शाल मांडीवर घेऊन बसून होता. मला तिथेच ओरडावंसं वाटत होतं की अरे ऊठ, तुला फसवलंय. पण त्याच्या तोंडावर अजून वाट बघणं होतं, आणि ते मोडायचं माझ्याच्याने झालं नाही.

शेवटचा सामना झाला, लोक पांगले. परशुराम तिकिटांच्या टेबलाशी गल्ला मोजत होता. हो, मोजत होता, दहा-दहाच्या चळती लावून. धाकू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागे.

"परशुरामभाव, आमचा डाव?"

परशुराम मान वर न करता म्हणाला, "हे बघ धाकू, आता फेरी राहिली नाही. नव्या साखळीचे नियम वेगळे आहेत, माझ्या हातात काही नाही. पण तुमचं आम्ही बुडवणार नाही. तुमची मजुरी काढून ठेवली आहे."

धाकूला कळलं नाही. "कसली मजुरी?"

"मैदान बसवलंत त्याची. माणशी सव्वा रुपया. तुझी तू घे, बाकीच्यांची पाठवतो."

आणि त्याने एका चळतीतली नाणी एकेक करून धाकूच्या तळहातावर ठेवली. एक, दोन, तीन, मोजत, अशी दहा. सात वर्षं या माणसाने कोळव्याने भरलेला वाटा धाकूच्या हातून घेतला होता. धाकूदादाचा धाकू झाला, भागीदाराचा मजूर झाला, आणि हे सगळं एका टेबलाशी उभ्या उभ्या. मला वाटलं धाकू ती नाणी त्याच्या तोंडावर फेकेल. मी वाट बघत होतो. धाकूने मूठ मिटली, शाल आणि नारळ टेबलावर ठेवला आणि बाहेर पडला. रस्त्यात मी त्याला वाट्टेल ते बोललो. पैसे घेतलेस कशाला, तुला काही वाटतं की नाही, असं सगळं. तो म्हणाला, "त्याने दिला ते मी घेतला. त्याची चीज हाय, त्याला कवातरी लागंल." मला ते समजलं नाही, आणि समजून घ्यायची माझी मनःस्थितीही नव्हती.

पाड्यात पोचल्यावर तुळसाने ऐकलं आणि तिथेच मटकन बसली. "आपल्याच पायानी आपलाच दार बंद केला गो बाय," असं म्हणत रडली. पाड्याच्या लोकांनी धाकूला बोल लावला. एक दिवसाचं काम बुडवून आम्हाला आमच्याच हकालपट्टीचं मैदान करायला नेलंस, असं चारचौघांत म्हणाले. विठ्ठलवाडीत तर अशी हूल उठली की धाकूने शाल घेऊन फेरी विकली. मंचावर आशीर्वाद दिला ते सगळ्यांनी ऐकलं होतं ना! त्याने कुणापुढे खुलासा केला नाही. गावाबाहेर खेळ बघायला जाणं सोडलं. ठाण्याच्या पेठेत जायचं झालं तर नौपाड्याला वळसा घालून जाऊ लागला. फेरी मेलीच. आमचा संघ मोडला, डोंबिवलीने कुठलीतरी लहान साखळी धरली. पाड्याची पोरं आपसात खेळत, पण बघायला कोणी नाही, आणि सामना झाला की जो तो आपापल्या घरी जेवायला.

दोन वर्षांनी चाकं उलटी फिरली. मुंबईच्या बड्यांनी साखळीची पुन्हा मांडणी केली. तिथल्या हिशेबात नौपाड्याची गर्दी म्हणजे किस झाड की पत्ती. वीरध्वज संघाला त्यांनी बाहेर काढलं, शाल-नारळही न देता. गणूचा खांदा त्याआधीच निखळला होता. नोकरी गेली, खोली गेली, आणि तो पाड्यात परत आला होता. धाकूने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. घरात घेतलं आणि मिठाचं पोतं काढून खांदा शेकला.

सत्तावन्नच्या दिवाळीनंतर मी मीठ घ्यायला पाड्यात गेलो होतो. पाड्याच्या मैदानात त्या दिवशी तुडवणी होती. आणि बघतो तर परशुराम उभा. डोक्यावर पाटी, पाटीत माती, खांद्यावर मातीचा ओघळ. नौपाड्याहून स्वतः घेऊन आला होता. चष्म्याआड डोळे पाण्याने भरलेले. "धाकूदादा," तो म्हणाला, "चूक झाली. फेरी पुन्हा सुरू करू. ही आमची माती."

सगळा पाडा धाकूकडे बघत होता. मी मनात म्हटलं, आता हा विरघळणार. धाकूने पाटी त्याच्या डोक्यावरून उतरवून घेतली आणि मैदानात ओतली. "ये. तुडवाला ये."

परशुरामचा चेहरा असा उजळला की माझ्यासारख्यालाही क्षणभर बरं वाटलं. त्याने धोतर खोचलं आणि रांगेत शिरला. एका खांद्यावर धाकूचा हात, दुसऱ्यावर तुळसाचा. कागदावर आयुष्य गेलेला माणूस, खाऱ्या चिखलात दिवसभर पाय मारत राहिला. दोनदा पडला, लोकांनी उचलला, तोही हसला. दुपारी मैदानावरच भाकरी आली. ती त्याने सगळ्यांबरोबर उकिडवं बसून खाल्ली. संध्याकाळी मैदान आरशासारखं झालं तेव्हा तो धापा टाकत धाकूसमोर आला आणि आनंदाने म्हणाला, "मग, आमचा डाव कधी?"

धाकूने कमरेच्या पंच्याची गाठ सोडली. आतून चौकोनी नाणी निघाली. त्या वर्षी नवे पैसे आले होते, बाजारात सगळे त्यांचाच घोळ घालत होते, आणि धाकूच्या हातात होते ते जुने दोन-दोन आणे. ते कुठले, हे मी ओळखलं. परशुरामनेही ओळखलं. धाकूने त्याचा हात सरळ केला आणि एकेक नाणं तळहातावर ठेवलं. एक, दोन, तीन, मोजत, अशी दहा.

"ही तुजी मजुरी, परशुराम."

पाड्यात कोणी हसलं नाही. परशुरामने मूठ मिटली. मग रिकामी पाटी उचलून, खाडीच्या बांधावरून अनवाणी चालत गेला. चपला त्याला आठवल्याच नाहीत.

मला वाटलं होतं, आज धाकूचा जीव थंड होईल. मी तर खूश होतो, खोटं कशाला बोलू. पण धाकू मैदानाच्या कडेला जाऊन बसला. तुळसाने ताट आणून ठेवलं, त्याला त्याने हात लावला नाही. मी शेजारी जाऊन बसलो. तो बांधाकडे बघत म्हणाला, "पोपट, त्याचं पाय लई फुटलं रं. खारा चिखल झोंबत असंल. त्याला सांग कोनीतरी, गोड्या पान्याने धुवाचं, आनि वर खोबरेल लावाचा."

मी सांगायला गेलो नाही. माझा राग अजून शाबूत आहे.